अतिरेकवादाला उत्तर : नोंद की वाद?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण मला विषय दिलात तो ‘तरुण आणि दहशतवाद’ असा. विषय इतका ऐसपैस आहे की त्यावर वक्त्याने काहीही बोलावे आणि श्रोत्यांनी मान डोलवावी. तसे होऊ नये म्हणून मी तो आवळून घेणार आहे. मी सत्तावीस वर्षे इंग्लंडच्या मध्यभागातील एका औद्योगिक शहरात, तेथे ज्यांना ‘फर्दर एज्युकेशन कॉलेज’ म्हणतात अशा एका संस्थेत शिकवले. त्या कॉलेजांतील विद्यार्थी अतिरेकी विचारांकडे वळू नयेत म्हणून ब्रिटिश सरकारने कोणती यंत्रणा उभी केली, तिचे काय झाले, आणि त्या यंत्रणेचा एक लहानसा दात म्हणून मी स्वतः काय केले, एवढेच सांगतो. त्यातून आपल्या उपयोगाचे काय ते आपण निवडावे.

प्रथम ही कॉलेजे म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. आपल्याकडची आयटीआय, ज्युनिअर कॉलेज आणि रात्रशाळा या तिन्ही एका छपराखाली आणल्या तर जे होईल ते साधारण हे कॉलेज. सोळा वर्षांची शाळा संपवून गिलाव्याचे, वायरिंगचे, नळजोडणीचे, केशकर्तनाचे किंवा बालसंगोपनाचे काम शिकायला येणारी मुले, शाळेत इंग्रजी आणि गणितात नापास होऊन पुन्हा तीच परीक्षा देणारी मुले, इंग्रजी भाषा शिकायला आलेले निर्वासित, आणि कारखाना बंद पडल्यावर पन्नाशीत नवा धंदा शिकू पाहणारे कामगार, असा हा संसार आहे. इंग्लंडमध्ये अशी दोनशेच्या वर कॉलेजे आहेत आणि त्यांत लक्षावधी विद्यार्थी शिकतात. परंतु वर्तमानपत्रांत शिक्षणाची चर्चा निघाली की ती ऑक्सफर्डची आणि केंब्रिजची निघते. संपादकांची मुले प्लंबिंगच्या वर्गात जात नाहीत, याहून त्याचे दुसरे कारण मला सापडलेले नाही.

या संस्थांचा पूर्वेतिहास मात्र अभिमानाने सांगावा असा आहे. जॉर्ज बर्कबेक यांनी १८२३ मध्ये लंडनला कारागिरांसाठी ‘मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट’ काढली. त्याच धर्तीवर ठिकठिकाणी निघालेल्या संस्थांतून यांतील कित्येक कॉलेजे वाढली. कामगाराला यंत्र चालवता यावे एवढाच त्यांचा हेतू नव्हता. १९५७ साली शिक्षणखात्याने ३२३ क्रमांकाचे एक परिपत्रक काढले आणि तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना काही उदार, सर्वसामान्य शिक्षणही मिळाले पाहिजे असे सांगितले. मालकाने आठवड्यातून एक दिवस कॉलेजात पाठवलेला वायरमनचा उमेदवार त्यामुळे एक तास वर्तमानपत्र वाची, फाशीच्या शिक्षेवर वाद घाली, एखादे नाटक वाची. त्या तासाची टिंगलही पुष्कळ झाली. खाटीककाम शिकणाऱ्या पोरांना साहित्य कशाला, हा त्या टिंगलीचा सूर. मी तेथे रुजू झालो त्या वेळी हा तास नावापुरताच उरला होता. तो शिकवलेले दोन वृद्ध सहकारी मात्र होते. ते म्हणत की त्या तासाला मुले शिव्या देत येत आणि वाद अर्धा राहिला म्हणून कुरकुरत जात. ही गोष्ट मी पुढे पुन्हा काढणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

१ एप्रिल १९९३ पासून ही कॉलेजे नगरपालिकांच्या हातून काढून स्वायत्त मंडळे करण्यात आली. स्वायत्त हा शब्द ऐकायला गोड लागतो. प्रत्यक्षात कॉलेज हा एक धंदा झाला, आणि शिक्षक तासांवर ठेवलेला मजूर झाला. पुढे गरीब घरच्या मुलांना शिकत राहण्यासाठी आठवड्याला ३० पौंडांपर्यंत भत्ता मिळू लागला होता. २०१० साली आलेल्या सरकारने इंग्लंडमध्ये तो बंद केला. निर्वासितांना इंग्रजी शिकवण्यासाठी मिळणारे अनुदान पुढच्या काही वर्षांत निम्म्याहून अधिक घटले. मोहल्ल्यामोहल्ल्यांतील तरुणांची केंद्रे बंद झाली, त्यांत काम करणारे कार्यकर्ते घरी बसले. हा सगळा कारभार आणि अतिरेकवादाविरुद्धची मोहीम ही एकाच दशकातली, एकाच सरकारची कामे आहेत. ही दोन्ही एकत्र ठेवून पाहिली तरच पुढचे विवेचन समजेल.

आता त्या मोहिमेकडे वळू. ७ जुलै २००५ रोजी लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि एका बसमध्ये स्फोट झाले, ५२ निरपराध माणसे मेली. स्फोट घडवणाऱ्या चौघांपैकी दोघे वीस वर्षांच्याही आतले होते, आणि त्यांच्या म्होरक्याने प्राथमिक शाळेत मुलांना मदत करण्याचे काम केले होते. बाहेरून आलेला शत्रू शोधणाऱ्या देशाला शत्रू आपल्याच गल्लीत जन्मला हे कळले. दहशतवादविरोधी धोरणाला तेव्हा चार अंगे होती. पाठलाग, संरक्षण, सज्जता आणि प्रतिबंध. या चौथ्या अंगाला ‘प्रिव्हेंट’ म्हणतात. २०११ मध्ये त्याची फेररचना होऊन त्यात नुसती हिंसा नव्हे तर अहिंसक अतिरेकी विचारही धरण्यात आला. लोकशाही, कायद्याचे राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य आणि परधर्मसहिष्णुता ही ‘मूलभूत ब्रिटिश मूल्ये’ ठरली आणि त्यांना उघड विरोध करणे म्हणजे अतिरेकवाद अशी व्याख्या झाली. लोकशाही आणि व्यक्तिस्वातंत्र्य ही ‘ब्रिटिश’ मूल्ये आहेत हे ऐकून येरवडा आणि नाशिकचे तुरुंग पाहिलेल्या आपल्या जुन्या पिढीने काय म्हटले असते, ते मी सांगायला नको. २०१५ मध्ये कायदा झाला. त्याच्या २६व्या कलमाने शाळा, रुग्णालये, नगरपालिका आणि आमची कॉलेजे यांच्यावर, लोक दहशतवादाकडे ओढले जाऊ नयेत याची योग्य ती दखल घेण्याचे बंधन घातले. आमच्या कॉलेजांना ते १८ सप्टेंबर २०१५ पासून लागू झाले. पालन होते की नाही हे सरकारी तपासनीस पाहणार, आणि तपासनिसाचा शेरा वाईट पडला तर कॉलेजचे नाव आणि त्यामागोमाग पैसा जाणार, असा सगळा बंदोबस्त.

आम्हा शिक्षकांना एका दुपारी हॉलमध्ये बसवून चित्रफीत दाखवण्यात आली. विद्यार्थ्यात काय बदल दिसला तर सावध व्हायचे, याची ती शिकवण होती. एखाद्याची केस पुढे गेली की ती तोलण्यासाठी सरकारी अधिकारी २२ लक्षणांची एक यादी वापरीत. ही यादी मुळात तुरुंगातील दहशतवादी गुन्हेगारांचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी तयार केलेली. त्यात काय आहे? आपल्यावर अन्याय झाला आहे ही भावना. आपण कोण आणि कोणाचे, याचा शोध. प्रतिष्ठेची इच्छा. साहसाची ओढ. राजकीय किंवा नैतिक परिवर्तनाची इच्छा. साथींनो, या सभागृहात अशी इच्छा नसलेला एखादा माणूस बसला असेल तर त्याने कृपा करून हात वर करावा, कारण तो चुकून आला असला पाहिजे! बावीस लक्षणांत काही खरोखरीची गंभीरही आहेत, हे मी लपवीत नाही. परंतु तुरुंगातल्या गुन्हेगारात जे आढळले ते बाहेरच्या सतरा वर्षांच्या मुलात आढळले म्हणजे तो गुन्हेगारीच्या वाटेवर आहे, हे तर्कशास्त्र कच्चे आहे. सगळे दरोडेखोर भाकरी खातात, म्हणून भाकरी खाणाऱ्यावर पाळत ठेवावी काय? शंभराहून अधिक विद्वानांनी २०१६ मध्ये जाहीर पत्र लिहून या यादीच्या शास्त्रीय पायाविषयी आक्षेप घेतला.

आता माझी गोष्ट. ती सांगताना मला सुख होत नाही.

२ डिसेंबर २०१५ रोजी ब्रिटिश पार्लमेंटने ३९७ विरुद्ध २२३ मतांनी सिरियात बॉम्बफेक करण्यास मान्यता दिली. त्या आठवड्यात मी इंग्रजीच्या वर्गात औपचारिक पत्रलेखन शिकवीत होतो. परीक्षेला ते येते. मी सांगितले, तुमच्या खासदाराला तुम्हाला जिव्हाळ्याच्या कोणत्याही विषयावर पत्र लिहा. बहुतेकांनी बसचे भाडे, खड्डे, बंद पडलेला पोहण्याचा तलाव यांवर लिहिले. वायरिंग शिकणाऱ्या एका मुलाने, त्याला आपण यूसुफ म्हणू, बॉम्बफेकीवर लिहिले. त्याच्या वर्षभराच्या लिखाणात ते पहिलेच पूर्ण पानाचे लिखाण होते. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी होते. शेवटी त्याने लिहिले होते की ज्यांनी हात वर केले त्यांनी स्वतःची मुले एकदा ढिगाऱ्याखालून काढून पाहावीत, म्हणजे त्यांना कळेल.

हे वाक्य धमकी आहे काय? मी ते चार वेळा वाचले. महिन्यापूर्वीच्या चित्रफितीची मला आठवण होती. माझा करार वर्षा-वर्षाचा होता. उद्या काही घडले आणि हे पत्र माझ्या कपाटात निघाले तर, हा विचार माझ्या मनात आला. मी त्या मुलाला बोलावून ‘याचा अर्थ काय रे?’ एवढे विचारू शकलो असतो. विचारले नाही. पत्राची प्रत काढून ती मी विद्यार्थिसुरक्षेचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती दिली. त्यांनीही स्वतःचा बचाव पाहिला आणि पुढे पाठवली. दहा दिवसांनी साध्या कपड्यांतील एक पोलीस अधिकारी त्याच्या घरी गेला. सभ्य माणूस होता, चहा प्यायला, आईवडिलांशी बोलला, पाऊण तासात उठला. पुढील कारवाईची आवश्यकता नाही असा निर्णय झाला. कागदोपत्री हे यंत्रणेचे यशच म्हणायचे. संशय आला, तपास झाला, संशय फिटला.

यूसुफ वर्गात येत राहिला. परंतु त्याने त्यानंतर मला मागितले त्यापेक्षा एक ओळ अधिक लिहून दिली नाही. विषय निवडायला सांगितला की तो खड्ड्यांवर लिही. एकदा मी त्याला बाजूला घेऊन काही बोलू लागलो तर तो म्हणाला, “सर, मला फक्त पास व्हायचंय.” तो पास झाला. तीन-चार वर्षांनी बसस्टॉपवर भेटला, अंगावर कामाचा कोट, हातात हत्यारांची पेटी. आम्ही हवापाण्याचे बोललो. बस आली तेव्हा पायरीवर एक पाय ठेवून त्याने विचारले, “ते पत्र खासदारांना गेलं होतं का हो सर?” मी नाही म्हणालो.

खरोखर ते पत्र ज्याच्या नावाने लिहिले होते त्याच्याकडे जायला हवे होते. संसदीय लोकशाहीत नागरिकाने संतापून आपल्या प्रतिनिधीला पत्र लिहावे याहून अधिक ‘ब्रिटिश मूल्य’ ते कोणते? मी त्या मुलाला पहिल्यांदा त्या मूल्याच्या दारापर्यंत नेले आणि दाराआड पोलीस उभा केला.

इथे थांबून, ही यंत्रणा मोडीत काढा एवढी घोषणा देऊन मी खाली बसलो तर टाळ्या मिळतील. आमच्या शिक्षकसंघटनेनेही २०१५ च्या अधिवेशनात या धोरणाला विरोध केला होता आणि मी त्या विरोधाच्या बाजूचा होतो, आजही आहे. परंतु प्रामाणिक माणसाला दुसरीही बाजू पाहावी लागते. १५ सप्टेंबर २०१७ रोजी लंडनच्या पार्सन्स ग्रीन स्थानकात भुयारी रेल्वेच्या डब्यात बॉम्ब पेटला. तो पुरता फुटला नाही म्हणून कोणी मेले नाही, पण पन्नासाच्या आसपास माणसे जखमी झाली. तो ठेवणारा अठरा वर्षांचा इराकी निर्वासित अहमद हसन हा आमच्यासारख्याच एका कॉलेजचा विद्यार्थी होता. त्याने इंग्लंडमध्ये आल्यावर अधिकाऱ्यांना सांगितले होते की इस्लामिक स्टेटने आपल्याला पकडून नेऊन माणसे मारण्याचे शिक्षण दिले. वडिलांच्या मरणाचा दोष तो ब्रिटनला देतो, हे त्याच्या शिक्षिकेच्या कानी आले होते, आणि त्या बाईंनी आपली काळजी वेळीच वर कळवली होती. तो प्रतिबंधयंत्रणेच्या देखरेखीखालीच होता. कॉलेजने त्याला वर्षाचा उत्कृष्ट विद्यार्थी म्हणून २० पौंडांचे खरेदीचे कूपन बक्षीस दिले होते, आणि स्फोटकासाठी लागणाऱ्या रसायनाची खरेदी त्याने त्याच कूपनावर केली, असे खटल्यात पुढे आले. त्याला जन्मठेप झाली, किमान ३४ वर्षांची.

या शिक्षिकेचे चुकले काय? माझ्या मते काहीही नाही. तिने विद्यार्थ्याशी बोलून, त्याचे म्हणणे ऐकून, मग कळवले. तिची काळजी एका विशिष्ट मुलाविषयी आणि विशिष्ट गोष्टींविषयी होती. मी कळवले ते एका वाक्यावरून आणि स्वतःच्या भीतीपोटी. हा फरक फॉर्मवर दिसत नाही, तेथे दोन्ही नोंदी सारख्याच. आणि वर बसलेल्यांच्या टेबलावर माझ्यासारख्यांच्या नोंदींचा ढीग पडतो तेव्हा तिच्यासारखीची नोंद त्या ढिगात पडते. २०२३-२४ या वर्षात इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा ६,९२२ नोंदी झाल्या. त्यांतील सुमारे ४० टक्के शिक्षणसंस्थांकडून आलेल्या, आणि सर्वांत मोठा वयोगट ११ ते १५ वर्षांच्या मुलांचा. पुढील प्रत्यक्ष मदतीसाठी घेण्यात आलेली प्रकरणे ५१२. उरलेल्या सहा हजारांवर माणसांचे काय झाले? बहुतेकांचे काहीच नाही, असे सरकार म्हणेल. यूसुफचेही काहीच झाले नव्हते.

आणखी एक आकडा सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण आपल्याकडे या विषयावर बोलताना डोळ्यांसमोर एकाच धर्माचा तरुण येतो, आणि तो तसा यावा अशी काहींची इच्छाही असते. त्या वर्षीच्या नोंदींत इस्लामी अतिरेकाच्या १३ टक्के होत्या आणि गोऱ्या वंशवादी उजव्या अतिरेकाच्या १९ टक्के. सर्वांत मोठा गट, ३६ टक्के, ज्यांच्यात कोणतीच विचारसरणी आढळली नाही अशा एकाकी, बिथरलेल्या मुलांचा. २०२४ च्या जुलैत साउथपोर्ट येथे तीन लहान मुलींचा खून करणारा सतरा वर्षांचा मुलगा २०१९ ते २०२१ या काळात तीनदा या यंत्रणेकडे कळवला गेला होता. निश्चित विचारसरणी दिसत नाही म्हणून तिन्ही वेळा प्रकरण मिटवण्यात आले. ज्याला मानसोपचाराची आणि सतत लक्ष देणाऱ्या माणसांची गरज होती त्याच्यासाठी दहशतवादाचे दार ठोठावण्यात आले, आणि ते दार म्हणाले, हा आमचा नव्हे. दुसरे दार उघडे असते तर! तरुणांची केंद्रे, समुपदेशक, मानसोपचाराची सोय हे सारे कातरून झाल्यावर शिक्षकाच्या हाती एकच फॉर्म उरला होता.

हिंदू तरुणांनीही हात झटकू नयेत. २०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्यानंतर लेस्टर शहरात हिंदू आणि मुसलमान तरुणांचे जमाव आमनेसामने आले, तेव्हा मी नुकताच निवृत्त झालेला होतो. ज्या रस्त्यांवर हे घडले तेथे दोन्हीकडची मुले एकाच कॉलेजच्या बसने जातात. अफवा मात्र फोनवरून साता समुद्रांपलीकडून येत होत्या. त्यांतल्या काही कोणत्या देशातून येत होत्या हे आपण सगळे जाणतो.

आता थोडे मागे जाऊ. विद्यार्थ्यांच्या डोक्यातील विचारांवर पाळत ठेवण्याचा प्रयोग लंडनने प्रथम कोणावर केला? आपल्यावर. १९०७ साली, इंग्लंडमध्ये शिकणारे हिंदी विद्यार्थी बिघडत आहेत या चिंतेने ली-वॉर्नर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल १९२२ पर्यंत प्रसिद्ध करण्यात आला नाही, एवढा तो लोकांपासून जपला गेला. तिच्या शिफारशींतून १९०९ मध्ये हिंदी विद्यार्थ्यांसाठी माहिती कचेरी निघाली, ती पुढे क्रॉमवेल रोडवर २१ क्रमांकाच्या घरात आली. राहण्याची सोय, प्रवेशाचे मार्गदर्शन, सल्ला, सर्व काही मिळे. विद्यार्थी मात्र त्या घराकडे हेरांचे घर म्हणूनच पाहत. कचेरीतील माणसे वाईट होती असे नव्हे. तिचे प्रमुख टी. डब्ल्यू. आर्नल्ड हे मोठे विद्वान होते. पण मदत करणारा हात आणि टिपण घेणारा हात एकाच माणसाचे आहेत हे एकदा कळले की कोणी मदतीला जात नाही. हे सूत्र १९०९ ला खरे होते आणि २०१५ ला आमच्या कॉलेजातही खरे ठरले.

त्याच १९०९ च्या १ जुलैला मदनलाल धिंग्रा या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने लंडनमध्ये कर्झन वायलीचा खून केला. त्याला आवरू पाहणारे डॉक्टर लालकाका हेही मारले गेले. धिंग्राला १७ ऑगस्टला फाशी झाली. खुनानंतर नऊ दिवसांनी गांधीजी दक्षिण आफ्रिकेच्या कामासाठी लंडनला पोहोचले. त्यांनी त्या कृत्याचा निःसंदिग्ध निषेध केला. परंतु तेवढ्यावर ते थांबले नाहीत. बॉम्ब आणि पिस्तुलाची भाषा बोलणाऱ्या तरुणांना ते भेटले, ऑक्टोबरात त्यांच्या दसऱ्याच्या भोजनालाही गेले. सावरकर त्याच पंगतीत होते. नोव्हेंबरात आफ्रिकेला परत जाताना ‘किल्डोनन कॅसल’ या बोटीवर त्यांनी दहा दिवसांत ‘हिंद स्वराज्य’ लिहिले. त्याची रचना पाहा. वाचक प्रश्न विचारतो, संपादक उत्तर देतो. वाचक चिडतो, टोमणे मारतो, इंग्रजांना मारून हाकलावे असे खडसावून म्हणतो, आणि संपादक त्याला ते म्हणू देतो. तो वाचक म्हणजे लंडनमधील तेच तरुण. गांधीजींचे पुस्तकातील यंत्रांविषयीचे मत मला पटत नाही, समाजवाद्याला ते पटणे कठीणच. पण अतिरेकी तरुणाशी कसे बोलावे याचा तो वस्तुपाठ आहे. मुंबई सरकारने मार्च १९१० मध्ये ते पुस्तक जप्त केले. हिंसेला उत्तर देणारे पुस्तकही सरकारला हिंसेइतकेच धोक्याचे वाटले!

या दाखल्याचा मला वर्गात प्रत्यक्ष उपयोग झाला, म्हणून तो सांगितला. यूसुफच्या प्रकरणानंतर मी कॉलेजच्या व्यवस्थापनाकडे आठवड्यातून एक तास मागितला. तो ‘ब्रिटिश मूल्यां’च्या रकान्यात दाखवता येईल असे म्हटल्यावर लगेच मिळाला. सरकारी परिभाषेचा असाही उपयोग करता येतो. नियम तीनच ठेवले. वाटेल ते मत मांडता येईल, शेजाऱ्याला शिवी देता येणार नाही, आणि कोणी कोणाला मारण्याची खरोखरीची तयारी करतो आहे असे मला वाटले तर मी ते कळवीन आणि कळवण्याआधी त्याला तोंडावर सांगेन. हा तिसरा नियम मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिला. १९८६ च्या शिक्षणकायद्याने आमच्यासारख्या कॉलेजांवर भाषणस्वातंत्र्य जपण्याचेही बंधन घातलेले आहे. ते कलमही मी बाजूला लिहून ठेवी, तपासनीस आला तर त्याने वाचावे म्हणून.

या तासात सगळे गोड झाले असे सांगून मी तुमची फसवणूक करणार नाही. गिलाव्याचे काम शिकणारा एक गोरा मुलगा होता. हत्यारांच्या पेटीवर त्याने नव-नाझींची खूण असलेला आकडा कोरला होता. त्याच्या आजीला नगरपालिकेचे घर मिळत नव्हते आणि ते निर्वासितांना मिळते अशी त्याची ठाम समजूत. मी त्याला वंशद्वेषी म्हटले असते तर तो खूष झाला असता, कारण त्या शिक्क्यासाठीच तो बसला होता. आम्ही तीन आठवडे नगरपालिकेच्या घरांचा हिशेब मांडला. पूर्वी किती घरे बांधली जात, १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना ती विकायला काढल्यावर किती उरली, नवी का बांधली गेली नाहीत. आकडेमोड करताना त्याच्या शेजारी बसलेला सोमाली मुलगा म्हणाला, आमची सहा माणसे दोन खोल्यांत आहेत, ते घर कुठे आहे ते मलाही दाखव. वर्ग हसला. तो मुलगा हसला नाही. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्याने कबूल केले ते एवढेच की घरे विकणाऱ्यांनीही आजीला फसवले. ‘ही’ हा शब्दप्रयोग त्याने सोडला नाही, तो मला अजून ऐकू येतो. पेटीवरचा आकडा मात्र त्याने वर्षअखेरीला घासून काढला. वादामुळे, की नोकरीच्या मुलाखतीला जायचे होते म्हणून, ते मी विचारले नाही.

एवढ्यावरून सिद्धान्त मांडता येणार नाही. पण आपल्या चळवळीला हे काम अपरिचित नाही. सोलापूरला लहानपणी मी सेवादलाच्या शाखेवर जाई, तेव्हा आमच्या शाखानायकाने संध्याकाळी खेळ झाल्यावर रिंगण करून बसवले आणि अर्धा तास आम्ही काहीही विचारावे असे ठरवले होते. शेजारच्या मैदानात दुसरी शाखा भरे. तेथे शिस्त आमच्याहून कडक होती, प्रश्न मात्र कोणी विचारीत नसे. आमच्यातले काही तिकडे गेले, तिकडचे काही आमच्याकडे आले. आले ते बहुतेक विचारण्याची खोड असलेले.

लंडनमध्ये माझ्या जुन्या सहकाऱ्यांची मागणी आज अशी आहे : पोलीस आणि शिक्षक यांची कामे वेगळी करा. खरा धोका दिसला तर कळवण्यास कायद्यात पूर्वीपासून वाव आहे, त्यासाठी विचारांची नोंदवही नको. वर्ग लहान करा, करार कायम करा. दरवर्षी बदलणाऱ्या शिक्षकाला मुलगा मनातले सांगत नाही. भत्ता परत द्या, इंग्रजीच्या वर्गांचे पैसे परत द्या, तरुणांची केंद्रे उघडा. आणि परिपत्रक ३२३ मधला तो तास वेळापत्रकात पुन्हा आणा, गिलाव्यासाठी आणि वायरिंगसाठीसुद्धा. यांतल्या बहुतेक मागण्यांना खर्च आहे. फॉर्मला खर्च नाही, म्हणून फॉर्म टिकून आहे.

माझ्या जागी आलेल्या तरुण सहकाऱ्याशी माझा पत्रव्यवहार आहे. गेल्या हिवाळ्यात तिने कळवले की तास चालू आहे, पण आता तो तीस मिनिटांचा केला आहे, आणि त्यातली पहिली दहा मिनिटे ठरलेली चित्रफीत दाखवण्यात जातात. उरलेल्या वीस मिनिटांत मुले गाझावर बोलतात. फळ्यावरचे तिन्ही नियम तिने तसेच ठेवले आहेत.